फुईचं सोनं माझ्या तोंडात

मित्रांनो, पारोळ्याला आमच्या घरी कधी आलात, तर कपाटाच्या माथ्यावर लुगड्याच्या खोळीत गुंडाळलेला एक चौकोनी बोजा दिसेल. पाहुण्यांना ते शिलाई मशीन वाटतं आणि घरचेही हो म्हणून मोकळे होतात. तो बोजा म्हणजे मी. मी कॉम्प्युटर आहे. होतो म्हणा हवं तर, कारण मला लागते तसली मोठी फ्लॉपी आता बाजारात शोधून सापडत नाही.

एके काळी माझा तोरा बघण्यासारखा होता. माझे सुटे भाग कुठून कुठून आले होते आणि पुण्याच्या एका कारखान्यात कुणा बाईच्या हातांनी ते जुळले. तिथून मी जळगावच्या एका कचेरीत गेलो. बाहेर डोकं फुटेल असं ऊन आणि माझ्या खोलीत मात्र थंडगार हवा. साहेबसुद्धा चपला बाहेर काढून आत यायचे. मला वाटायचं, या मानाला आपण जन्मतःच लायक आहोत. मग माझ्याहून हुशार यंत्र आलं आणि मला लोटनच्या दुकानात नेऊन टाकलं. लोटन रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर, जे हाताला लागेल ते दुरुस्त करायचा आणि दुरुस्त करताना सारखा बोलायचा. त्याच्या दुकानात मी पंख्यांच्या आणि फुटक्या रेडिओंच्या शेजारी धूळ खात पडलो होतो. तिथेच मला नानांनी पाहिलं.

नाना म्हणजे सुकदेव नाना, पारोळ्याच्या बाजार समितीत नोकरीला. त्यांची लेक कोकिळा जळगावला राहून कॉम्प्युटर शिकून आली होती. तिची आई ती रांगत होती तेव्हाच गेली. तिला वाढवलं ते नानांच्या विधवा बहिणीने, भिकुबाईने. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. कोकिळेच्या वेण्या घालण्यापासून कॉलेजच्या डब्यापर्यंत सगळं फुईनेच केलं.

मी टेम्पोतून उतरलो तेव्हा अर्धी गल्ली दारात जमली होती. भाऊबंद म्हणाले, पोरीला स्थळं बघायची सोडून सुकदेवने डबडं विकत आणलं. नानांनी ते हसण्यावारी नेलं, पण त्यांच्या मनाला लागलंच. त्यांनी कोकिळेला बजावून ठेवलं की दिवाळीपर्यंत याचं काही काम उभं राहिलं तर ठीक, नाहीतर पेटी लोटनला परत. कोकिळेने मान हलवली. त्या दिवसापासून ती माझ्यासमोरून उठेचना.

फुई मात्र मला बघून हरखून गेली. तिला काही मी कळत नव्हतो. पण आपल्या पोरीचं ज्याच्यात एवढं मन आहे, ती वस्तू घरच्या देवासारखी जपायची, एवढं तिला कळत होतं. धूळ बसू नये म्हणून तिने आपलं एक ठेवणीतलं लुगडं फाडून माझ्यासाठी खोळ शिवली. दुपारची कामं उरकली की ती उंबऱ्याशी बसून आमच्याकडे बघत राहायची. एकदा तिने विचारलं की एवढं लिहितेस ते जातं कुठं. कोकिळेने माझ्या वरच्या फटीत फ्लॉपी सरकवून दाखवली आणि सांगितलं, माझं सगळं मोलाचं या फटीत असतं फुई, इथं ठेवलेलं हरवत नाही. फुईने ते मनात नीट धरून ठेवलं.

आता दसऱ्याचं सांगतो. गावात ताईबाई नावाच्या बाई मुलींचा टायपिंगचा वर्ग चालवायच्या. त्यांना कॉम्प्युटरचा वर्ग काढायचा होता आणि शिकवायला कोकिळा हवी होती. दसऱ्यानंतर लगेच त्या मुलींना घेऊन मला बघायला येणार होत्या. त्यामुळे दसऱ्याच्या संध्याकाळीही कोकिळा सराव करत बसली होती.

सकाळी फुईने माझी पूजा केली होती. झेंडूची माळ घातली, कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं, चार थेंब पाणीही शिंपडलं. त्यावरून कोकिळा जरा चिडलीच होती. संध्याकाळी गावाची शीव ओलांडून माणसं आपट्याची पानं घेऊन आली. लहानांनी थोरांच्या घरी जायचं, हातावर सोनं ठेवायचं, पाया पडायचं, ही रीत तुम्हाला ठाऊक आहेच. फुई नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. गल्लीतली सगळी पोरं येऊन तिच्या पाया पडून गेली. तिची स्वतःची पोरगी काही उठली नाही. शेवटी फुईच पान घेऊन आत आली. थोरलं माणूस धाकट्याकडे सोनं घेऊन आलं, मित्रांनो. मला तेव्हाच कसंसं झालं.

"कोकिळा, सोनं ले ना बेटी," फुई म्हणाली.

कोकिळेची बोटं कळांवरच होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "फुई, ठेव तिथं. आत्ता नको."

फुईने ते पान माझ्या डोक्यावर ठेवलं आणि ती गुपचूप गेली. पुढे कोकिळेने दोन्ही फ्लॉप्या काढून पाकिटात घातल्या, मला बंद केलं आणि ती जेवायला गेली. पान तसंच राहिलं. थोड्या वेळाने फुई खोळ घालायला आली. पंख्याच्या वाऱ्याने पान उडून खाली पडलं होतं. तिने ते उचललं, पदराने पुसलं आणि जराशी थांबली. मग मोलाच्या वस्तू जिथे हरवत नाहीत त्या फटीत तिने ते अलगद सरकवलं. सकाळी आपल्या पोरीला मिळेल, एवढाच तिचा हिशेब. मी ओरडून सांगायला हवं होतं. पण आमच्या जातीला वीज असली तर वाचा, आणि तीही शिकवलेली तेवढीच.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ताईबाई आल्या. बरोबर दहाबारा मुली, वेण्यांना रिबिनी, डोळे मोठ्ठे केलेले. नानांनी रजा काढली होती. चहा झाला, खोळ निघाली, कोकिळेने फ्लॉपी आत सरकवली आणि दांडी फिरवली. फ्लॉपीने पान पुढे ढकललं आणि ते जिथून मी वाचतो नेमकं तिथेच अडकलं. मी वाचायला गेलो, तर समोर फक्त पान. मी घरघरलो, खाकरलो. पडद्यावर माझ्याकडून एकच ओळ उमटली, की चालू करायची फ्लॉपी घाला आणि कुठलीही कळ दाबा. कोकिळेने फ्लॉपी काढून पुन्हा घातली. तीच ओळ. दुसरी घातली. पुन्हा तीच ओळ. एक मुलगी फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. ताईबाईंनी त्यांना दटावलं, त्याने तर जास्तच वाईट वाटलं. जळगावला साहेब लोकांनी चपला काढून ज्याचा मान ठेवला, तो मी, रिबिनी बांधलेल्या पोरींसमोर तोंडघशी पडलो. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

कोकिळेचा चेहरा लालबुंद झाला होता. मी शहरातून शिकून आले आणि माझी ही फजिती, हे तिला सोसेना. तेवढ्यात तिची नजर माझ्या कपाळावरच्या कुंकवावर गेली. उंबऱ्याशी फुई चहाचे कप गोळा करत उभी होती.

"तुला किती वेळा सांगितलं फुई, याला हात लावत जाऊ नकोस. पाणी शिंपडून ठेवलंस ना? घे, बिघडवलंस."

सगळ्यांसमोर म्हणाली ती हे. कप तसेच हातात धरून फुई आत गेली. नानांनी मान खाली घातली. ताईबाई इतकंच म्हणाल्या की दुरुस्त झाला की कळव, पुन्हा येईन, आणि मुलींना घेऊन निघाल्या.

त्यानंतरचे दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. फुई त्या खोलीत आलीच नाही. दुपारी ती परसात बसायची. आपल्याच हातच्या पाण्याने पोरीचं नशीब बिघडलं, असं तिने धरून घेतलं होतं. कोकिळेशी ती बोलायची, पण परक्या बाईशी बोलावं तसं बेताचं. कोकिळा रोज माझी खोळ काढायची, वायर काढून परत लावायची, तीच ओळ वाचायची आणि खोळ घालायची. लोटन सणासाठी धरणगावला आपल्या घरी गेला होता. त्याला दुकानावरून निरोप धाडला, तर तो म्हणे दिवाळीच्या तोंडावर येतो. गल्लीत एकच चर्चा, सुकदेवचं डबडं पहिल्याच फटक्यात बसलं. नानांनी मला जिच्यात गुंडाळून आणलं होतं ती गोधडी धुऊन वाळत घातली. मला परत नेताना ती लागणार होती. कोकिळेने ते पाहिलं, मीही पाहिलं.

शेवटी लोटन आला. त्याच दिवशी ताईबाईही आल्या. दिवाळीआधी काय ते नक्की करायचं, असं नानांनीच त्यांना सांगितलं होतं. लोटनने बडबड करत माझे स्क्रू काढले. कुंकवाकडे बघून हसला आणि म्हणाला, चार थेंब पाण्याने काही होत नाही हो, मी याच्यावर चहा सांडलाय. मग त्याने माझा वरचा कप्पा सोडवून उताणा केला आणि चिमट्याने आतलं काहीतरी ओढलं.

आपट्याचं पान. वाळून कुरकुरीत झालेलं, कडेला चुरा झालेला.

लोटन हसत सुटला. माझ्या दुकानात झुरळं निघाली, पाल निघाली, पण कॉम्प्युटरने सोनं खाल्लेलं पहिल्यांदाच बघतोय, असं म्हणाला. ताईबाईही हसल्या. "कोणी ठेवलं हे?" त्यांनी विचारलं.

आतल्या दारात फुई उभी होती. हसण्याचा आवाज ऐकून आली असावी. पान बघून तिचा चेहरा एवढासा झाला. तिने पदर डोक्यावर नीट ओढला.

"मीच ठेवं, ताई," ती म्हणाली. "माले काय समजस?"

मित्रांनो, तिने एवढंच सांगितलं. तू ठेव म्हणालीस, तू वळून बघितलं नाहीस, तूच म्हणाली होतीस की इथं ठेवलेलं हरवत नाही, यातला एक शब्दही ती बोलली नाही. खोलीत ते ठाऊक असलेले आम्ही तिघंच होतो, फुई, कोकिळा आणि मी. कोकिळेने गप्प बसायचं ठरवलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. अडाणी म्हातारीची चूक म्हणून सगळे हसले असते, वर्ग ठरला असता, गोधडी पुन्हा कपाटात गेली असती. कोकिळेने त्या पानाकडे पाहिलं. मला वाटतं तिला दसऱ्याची ती संध्याकाळ सगळीच्या सगळी आठवली.

"तिची चूक नाही," कोकिळा म्हणाली. "ती मला सोनं द्यायला आली होती. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. ठेव तिथं म्हणाले. या फटीत ठेवलेलं हरवत नाही, हेही मीच शिकवलंय तिला. आणि वर तुम्हा सगळ्यांसमोर मी तिलाच बोलले."

लोटनने चिमटा पुढे धरला. कोकिळा उठली, चिमट्यातलं पान तिने तळहातावर घेतलं आणि फुईसमोर जाऊन ते तिच्या हातात ठेवलं. जळगावहून आल्यापासून ती घरातही शुद्ध बोलायची, चार लोकांत तर हटकून. ताईबाईंसमोर त्या दिवशी ती वाकली आणि म्हणाली,

"फुई, सोनं दे माले."

फुईने आधी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग पान तिच्या हातात ठेवलं. देताना त्याचा आणखी थोडा चुरा झाला. दोघीही रडत होत्या, आणि नाना उगाच खिडकीशी जाऊन उभे राहिले.

लोटनने कप्पा पुसून बसवला आणि मी चालू झालो. एवढं साधं होतं ते. कोणी माझ्याकडे बघितलंही नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही. निघताना ताईबाई कोकिळेला म्हणाल्या, "पोरींना शिकवताना चुकलीस, तर त्यांनाही असंच सांगशील ना?" कोकिळा हो म्हणाली. वर्ग दिवाळीनंतर सुरू झाला.

पुष्कळ वर्षं तो वर्ग चालला. त्या रिबिनीवाल्या मुली माझ्यावर शिकल्या, त्यातली एक धुळ्याला बँकेत आहे म्हणतात. फुई पुन्हा उंबऱ्याशी बसायला लागली. दर दसऱ्याला गल्लीतली पोरं येण्याआधी कोकिळा तिच्या पाया पडायची. मग माझ्याहून हुशार यंत्र इथेही आलं आणि मी कपाटावर चढलो. फुई दोन वर्षांमागे गेली. खोळ मात्र तिचीच आहे, कोकिळेने बदलू दिली नाही.

लोटनने माझ्या कप्प्याचा कोपरानकोपरा पुसला असं त्याला वाटतं. पानाचा एक कण अजून आत आहे. मी ते कोणाला सांगितलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यापेक्षा कितीतरी शहाणी यंत्रं येतील. त्यांच्यावरची धूळ पुसा, त्यांना उन्हापासून जपा, एवढं तर मी मागणारच. पण तुम्ही त्यांच्यापुढे बसलेले असताना मागून कोणी हाक मारली, तर "ठेव तिथं" म्हणू नका. आधी वळून बघा. आम्ही बंद पडलो तरी लोटन येऊन आम्हाला चालू करतो.