दोनशे चौदा नंबरची फुयारा

"बापाची वस्तू बघायला मी तिकीट काढू?" खिडकीसमोरचा म्हातारा माझ्यावर खेकसला. काळी टोपी, कोटाला मेंढ्यांचा वास, आणि आवाज असा की आतल्या दालनात बसलेली शाळेची पोरंसुद्धा गप्प झाली.

"आजोबा, सत्तरी उलटली असेल तर फुकट आहे," मी म्हटलं.

"फुकट कशाला? मी भीक मागायला आलोय का?"

घ्या! तीस वर्षं मी या संग्रहालयाच्या खिडकीत बसतेय, तिकिटं फाडतेय, फरशी मळू नये म्हणून लोकांच्या बुटांवर चढवायच्या लोकरी सपाता वाटतेय. नाना तऱ्हेची माणसं पाहिली. पण तिकीटही नको आणि फुकटही नको म्हणणारा हा पहिलाच.

"त्या पुस्तकवाल्या बाईला बोलवा," तो म्हणाला.

पुस्तकवाली म्हणजे आमच्या विल्माबाई. डॉक्टर विल्मा हानुसोवा. ही डॉक्टरकी संगीताची, पण सुरुवातीला गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या त्यांना गुडघे दाखवून गेल्या होत्या. राजधानीहून, ब्रातिस्लावाहून बाई आल्या त्या सहा महिन्यांसाठी, वाद्यांची मोजदाद करायला. मोजून झाली तरी परत जायचं नाव नाही. आमच्या सगळ्या वाद्यांचं जाडजूड पुस्तक लिहिलं, मग डोंगरातल्या वाड्या पालथ्या घातल्या, मेंढपाळांची गाणी टेप करून आणली. दर मंगळवारी शाळेची पोरं गोळा करून त्यांना वाद्यं शिकवत बसायच्या. मी त्यांना चिडवायची, "बाई, या लाकडांच्या नादात लग्न राहिलं तुमचं." त्या म्हणायच्या, "लाकडं घोरत नाहीत, योलान्का." इतकी सुखी बाई मी दुसरी पाहिली नाही, खरंच सांगते.

आज त्यांचा शेवटचा मंगळवार होता. शुक्रवारी निवृत्ती.

बाई बाहेर आल्या. म्हाताऱ्यानं टोपी काढली, पण राग काही काढला नाही.

"मी गाश्पार माल्चेक. ओंद्रेय माल्चेकचा मुलगा."

बाईंचा चेहरा एकदम उतरला. "फुयारा," त्या पुटपुटल्या. "दोनशे चौदा."

फुयारा म्हणजे आमच्या मेंढपाळांची बासरी, पण माणसाएवढी उंच. उभी धरायची आणि बाजूच्या बारीक नळीतून फुंकायची.

"नातीनं तुमचं पुस्तक घरी आणलं," गाश्पार म्हणाला. "मोठ्यानं वाचलं. 'बनवणारा ओंद्रेय माल्चेक. नक्षी उत्तम. वाजत नाही.' वाजत नाही? माझ्या बापानं जन्मात चाळीस फुयारा केल्या, बाई. मुकी एक केली नाही. आता गावातली टवाळ पोरं विचारतात, आजोबा, तुमचा बाप शोभेची लाकडं करायचा का? मी काय सांगू त्यांना?"

बाई काहीतरी सारवासारव करतील असं मला वाटलं. तज्ज्ञ माणसं करतात.

"त्यांना सांगा, डॉक्टरबाई चुकली," विल्माबाई म्हणाल्या. "माझा इथला पहिला हिवाळा होता. हीटर चालू, लाकूड कोरडंठाक. मी ती तशीच फुंकली."

"पाणी न घालता?"

"पाणी न घालता."

म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. वाजवण्याआधी फुयारात पाणी ओतायचं. लाकूड फुगतं, बारीक फटी मिटतात, मगच सूर धरतो.

"पुढच्या उन्हाळ्यात डोंगरावर गेले तेव्हा कळलं," बाई म्हणाल्या. "पण पुस्तक छापून झालं होतं."

"आणि मग इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं लाज वाटली."

एवढ्यात संचालकसाहेब जिन्यावरून उतरले. राडोवान तेसाक. माणूस वाईट नाही, पण नियमांचा पक्का. वसंत ऋतूत त्यांनी फतवा काढला होता की कपाटातल्या मूळ वाद्यांना कुणी हात लावायचा नाही, पोरांना नकला द्यायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नव्या आवृत्तीत दुरुस्ती करू," ते म्हणाले. "झालं की नाही काम?"

"न ऐकता कशी करू?" बाई म्हणाल्या. "मी ऐकल्याशिवाय 'वाजते' असं लिहिणार नाही. एकदा धड न ऐकता लिहून बसलेय ना."

"इतक्या जुन्या लाकडात पाणी? तडा गेला तर जबाबदार कोण?"

"माझा बाप," गाश्पार म्हणाला. "तडा गेला तर चूक त्याची. लिहा तसं, मी सही करतो."

बाईंनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. "योलान्का, पाणी आण. फरशीच्या बादलीतलं नको हं."

माझी नोकरी अजून दोन वर्षं बाकी आहे. मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी छताकडे पाहिलं. मी पाणी आणलं.

पोरांनी भोवती रिंगण केलं. बाईंनी फुयारा तिरकी धरून सावकाश पाणी ओतलं. एका बाजूनं थेंब झिरपायला लागले. पंधरा मिनिटं आम्ही नुसते त्या थेंबांकडे बघत होतो. साहेबांचा चेहरा पाहवत नव्हता.

"वाजवा आता, माल्चेककाका," बाई म्हणाल्या.

"दात गेले, दमही गेला. फुंकायचं तुम्ही. बोटं माझी शाबूत आहेत."

मग दोघं समोरासमोर उभी राहिली, मध्ये फुयारा. बाईंनी नळी ओठांना लावली, म्हाताऱ्यानं बापानं पाडलेल्या तीन भोकांवर बोटं ठेवली. बाईंनी फुंकलं. नुसतंच फुस्स झालं. एक पोरगी फिदीफिदी हसली. बाई पांढऱ्याफटक पडल्या. मला वाटलं, संपलं, आता म्हातारा कोणत्या तोंडानं घरी जाणार?

"घाबरता कशाला? तहान भागली नाही तिची," गाश्पार म्हणाला. "ओता अजून."

पुन्हा पाणी, पुन्हा पंधरा मिनिटं. पोरांनी खसखशीच्या वड्या खाऊन संपवल्या. थेंब कमी झाले, मग थांबले.

बाईंनी दुसऱ्यांदा फुंकलं, आणि वरून धबधबा कोसळावा तसा सूर खाली आला. पार खाली जाऊन जमिनीशी घुमायला लागला. तो आवाज कानांनी ऐकायचा नसतोच, पोटात ऐकायचा असतो. म्हाताऱ्याची बोटं हळूहळू हलत होती. आता कुणी हसत नव्हतं. मी तर रडलेच, उगाच खोटं कशाला बोलू?

किती वेळ वाजली कोण जाणे. बाईंचा दम संपला तेव्हा थांबली. लाकडाला तडा नव्हता. साहेबांनी स्वतः वाकून, हात फिरवून पाहिलं.

बाईंनी वाद्यांची जुनी नोंदवही मागवली; पुस्तकातलं ते वाक्य तिच्यातूनच आलं होतं. 'वाजत नाही' खोडलं नाही. त्याच्याखाली लिहिलं, 'वाजते. मी चुकले होते.' आणि सही केली.

"नोंदवहीत 'मी चुकले' असं लिहीत नाहीत, बाई," साहेब म्हणाले.

"मग कुठं लिहितात?"

साहेबांनी नोंदवही भिजू नये म्हणून पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं. बाई पोरांकडे वळल्या. "चला, आता तुम्ही. एकेक जण." त्यांचा शेवटचा तास अजून अर्धा बाकी होता.

मी गाश्पारला दारापर्यंत सोडायला गेले. त्याची बोटं ओलीचिंब होती. मी टॉवेल पुढं केला.

"राहू दे गं पोरी, बापाच्या फुयारातलं पाणी आहे हे," तो मला, बासष्ट वर्षांच्या बाईला म्हणाला, आणि दोन्ही हात अंगापासून थोडे दूर धरून पायऱ्या उतरला.