कोरड्या हौदाचा कोंबडा

मनकर्णा नवऱ्याची कूस बदलून देत होती, तेव्हा गावचा पंच सोमाजी दारात आला. दोन वर्षं झाली, मुखरू असाच खाटेवर होता. कमरेखालचं अंग लुळं पडलेलं.

"बाई, उद्या हौदाची पूजा हाय. कोंबडा तुमच्या घरचा."

"मागच्या साली देल्ला ना भाऊ?"

"हो, पन नवं कोनी पडलं नाई. म्हून यंदाबी तुमचाच."

हा हौद म्हणजे मालगुजाराची, गावच्या जमीनदाराची, हौस. साहेब-पाहुण्यांना पोहायला म्हणून त्यानं बंगल्यामागं जमिनीत खोदवला, आतून गुळगुळीत सिमेंट केलं. एका टोकाला गुडघाभर, दुसऱ्या टोकाला दोन पुरुष खोल. मालगुजारी गेली, तो नागपूरला निघून गेला, हौद आटला. विहिरीच्या वाटेला लागून खड्डा तेवढा राहिला, ना कठडा ना पायरी. पाणी होतं तेव्हा बाया लेकरांना दटावायच्या. आता म्हणतात, "पानीच नाई, तं डुबते कोन?" काय म्हणावं या लोकांना! कंबर मोडायला पाणी कशाला लागतं?

पाच वर्षांत तिघं पडले. दसरूची म्हातारी तर तिथंच गेली, शेवटचा पडला तो मुखरू. गावानं ठरवलं, हौदाला भूक लागली आहे. दरसाल कोंबडा कापायचा, अन् सगळ्यांत शेवटी ज्याच्या घरचं माणूस पडलं त्यानंच तो द्यायचा, वर गावजेवण घालायचं. ज्याचं मोडलं त्यालाच दंड! कुंपण घालावं, हे एकालाही सुचलं नाही. लिहितानाही थकायला होतं.

"नाई देत," मनकर्णा म्हणाली.

"काऊन?"

ती खाली बसली. "काल सुकरीचं पोरगं काठावर पळत होतं. मी हाक माराले घडीभर थांबली, भाऊ. मनात आलं, हे पडलं तं यंदाचा कोंबडा माह्यावरून टळते." तिला रडू फुटलं. "असं पाप आलं माह्या मनात! मी अशी नव्हती."

सोमाजी जायला वळला. मग म्हणाला, "पूजा मोडली तं गाव तुमच्या घरचं पानी पिनार नाई."

"नोको पिऊ."

तो गेल्यावर मुखरू खाटेवरून म्हणाला, "आपल्या घरामागच्या वाडीचं कुंपण काढ. तेच लाव तिथी."

"बकऱ्या वाल खाऊन टाकतीन."

"खाऊ दे."

मनकर्णा अन् तिची लेक चंदा दिवसभर बांबू वाहत होत्या. वाटेकडची एक बाजू कशीबशी झाली. दुसऱ्या दिवशी गाव पूजेला जमलं. कोंबडा नाही म्हटल्यावर कुरकुरत लोक घरी गेले. सुकरी तेवढी थांबली. मनकर्णानं मनातलं ते पाप तिलाही सांगून टाकलं, एक शब्द न लपवता.

सुकरी पाठ फिरवून घरी गेली. परत आली ती चार बांबू अन् खड्डे करायची सब्बल घेऊन.

"खालून आवळून बांध बाई," ती म्हणाली. "लेकरं खालूनच घुसतात."

संध्याकाळपर्यंत दुसरी बाजू अर्धी झाली. मायलेकी घरी परतल्या तेव्हा वाल बकऱ्यांनी साफ केले होते. उरलेल्या अडीच बाजूंना हात लावायला गावातून कोणी आलं नाही. बांबूचं कुंपण मात्र बाकी प्रत्येकाच्या अंगणाला आहे.