लाखेत बसवलेल्या तीन तारा

"यातली नावं काढायला कंपनीची केबलच लागते, बाई. ती तुम्ही नदीत घालवली," सर्वेक्षणाचे साहेब आरोग्यसेविका बुधरीला म्हणाले. "चार वाजता येतो. मशीन कोरी करून देतो, मग पुन्हा फिरा."

साहेबांची जीप निघून गेली. एटापल्लीच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आबिदानं सगळं ऐकलं होतं. नवरा गेल्यापासून दुकान तीच चालवायची, तरी येणारं गिऱ्हाईक तिलाच विचारायचं, मेकॅनिक कुठं गेला म्हणून. त्यामुळे 'होत नाही' म्हणणाऱ्यांवर तिचा मुळातच राग होता.

बुधरीनं ती मशीन, सर्वेक्षणाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर, तिच्यापुढे ठेवली.

"यात एकोणीस लेकरं हायेत, भाभी. या पावसाळ्यात तापानं मेलेली. घरोघरी जाऊन मी नावं टाकली. साहेबाच्या कागदावर दोनच हायेत."

"मंग केबल काऊन नाई मागवत तो?"

"म्हणूनच त नाई मागवत."

आबिदाच्या अंगाचा तिळपापड झाला. "आण इकडे. आपणच करू."

मशीनच्या बुडाशी सोनेरी ठिपक्यांची ओळ होती. कोणता ठिपका कशाचा, याची आकृती मशीनच्या डब्यातल्या पुस्तकात होती. आबिदाला इंग्रजी येत नव्हतं, आकृती मात्र चांगली वाचता यायची. तीन तारा पुरणार होत्या: एक बोलायची, एक ऐकायची, एक अर्थिंगची. शेजारच्या एसटीडीवाल्या धनराजचा बिघडलेला माऊस तिनं उचलला आणि त्याची शेपटी कापली. धनराजच्या कॉम्प्युटरला लागणारा प्लग तिला आयता मिळाला.

दुसऱ्या टोकाचं काय करायचं? तिचे अब्बा लाखेच्या बांगड्या करायचे. तिनं स्टोव्हवर लाख मऊ केली, मशीनच्या बुडाला तेलाचा हात लावला आणि बोटाला सोसेल इतपत निवल्यावर लाख दाबून बसवली. साचा तंतोतंत उतरला. त्यात टॉर्चमधल्या पितळी पट्ट्या बसवून तिनं कथिलाच्या डागानं तारा त्यांना जोडल्या.

धनराजच्या कॉम्प्युटरला लावलं, तर पडदा ढिम्म.

"सोड ना आता, भाभी. तीन वाजले," धनराज म्हणाला.

"चूप बैस." ती तारांकडे बघत राहिली आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. "मीच गाढव! याचं तोंड त्याच्या तोंडाले लावलं. तोंड कानाले पाह्यजे ना!"

तिनं दोन तारांची अदलाबदल केली, आणि पडद्यावर नावं उतरू लागली. बुधरी तोंडावर पदर धरून उभी होती. धनराजनं न सांगताच प्रिंटर चालू केला.

साहेब आले, तेव्हा कागद बुधरीच्या हातात होता. ते लालेलाल झाले. "कोणाच्या परवानगीनं केलं हे?"

"परवानगी मागितलीच नाई," आबिदा म्हणाली. "मशीन न्या. खुशाल कोरी करा."

"ही यादी खोटी आहे. असं कोणी मेलेलं नाही."

 भर बाजारात बुधरी एकेक नाव वाचू लागली. बापाचं नाव, गाव, वय. पाचव्या नावाला समोर सीताफळं विकत बसलेली एक बाई उठून उभी राहिली.

"माहा होय तो," ती म्हणाली.

 साहेबांनी त्या बाईला खाली बसायला सांगितलं.

ती बसली नाही.