नावं झाकून दिलेले गुण

भावजय घरात आली, त्याचं मला काही वाटलं नाही. ती ॲपमध्ये आली, तिथं माझं डोकं फिरलं.

ॲप आम्हा बहीण-भावाचं. कुंडीतल्या झाडाचा फोटो टाकायचा, की एआय त्याचं दुखणं सांगतो. फोटो ओळखायचं काम माझ्या धाकट्या भावाचं आणि आमच्या प्रोग्रामरचं. हा प्रोग्रामर दिवसभर हेडफोनमधून बाहेर येत नाही, म्हणून मौनीबाबा. एआयनं माणसांशी बोलायचं कसं, ते मी शिकवायचे. लोकांच्या प्रश्नांना मी नमुन्याची उत्तरं लिहायची आणि ती वाचून तो तसा बोलायचा. तीन वर्षं ॲप माझ्या तोंडानं बोललं.

मग भाऊ म्हणाला, "ताई, हिलाही लिहू दे. तुझा भार हलका होईल."

भार! मी कधी कण्हले होते?

ती बसली नेमकी माझ्यासमोर. हसून बोलायची, सगळ्यांचे कप विसळून ठेवायची. मौनीबाबासुद्धा तिच्याशी बोलताना हेडफोन काढायचा. माझ्या वाट्याला त्याचं "हो" आणि "बघतो", एवढंच. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

नवी आवृत्ती निघायची होती. ॲपनं पुढं कुणासारखं बोलायचं ते ठरवायला आमच्या नेहमीच्या पद्धतीनं परीक्षा लागली. प्रत्येक प्रश्नाला आम्हा दोघींचं आधी लिहिलेलं एकेक उत्तर, नावं झाकलेली. चौघांनी गुण द्यायचे. जिंकतील ती एआयला शिकवायची, हरतील ती कायमची काढायची.

नावं झाकून काय होतंय? मी आजवर हजारो उत्तरं लिहिलीत, एकेक कुठं आठवणार, पण आपला हात आपल्याला कळतोच. "मुळं कुजली आहेत. पाणी कमी घाला." हे माझं. दुसरं साखरेत घोळलेलं: "पानं पिवळी पडली म्हणून स्वतःला दोष देऊ नका. झाडाला तुमची माया जरा जास्तच झालीये. दोन दिवस पाणी देऊ नका, ते रुसणार नाही."

म्हणे माया! असल्या सगळ्या उत्तरांना मी भोपळा दिला. सरळसोट उत्तरं जिंकली, तीही निसटती, माझ्या भोपळ्यांच्या जोरावर.

भावानं नावं उघडली आणि बायकोकडं बघून ओरडला, "अगं, तू जिंकलीस की!"

"काहीतरी गोंधळ झालाय," मी म्हटलं. "ही माझी आहेत."

"नाही ताई, माझी आहेत." भावजय चाचरली. "तुम्ही हल्ली लिहिता ना, तसं लिहायला शिकले. ह्यांनीच सांगितलं होतं."

"मग ती गुळमट कुणाची?"

मौनीबाबानं हेडफोन काढले. चक्क माझ्यासाठी. "तुमची. पहिल्या वर्षातली. परीक्षेला मीच निवडली. मला ती फार आवडायची."

"मी त्यांनाच पुरे गुण दिले होते," भावजय म्हणाली.

भाऊ माझ्याकडं वळला. "ताई, गुण परत घ्यायचे का?"

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. नाक कापलं तरी ते वरच ठेवायची मला सवय आहे. मौनीबाबानं एकेक करत माझी उत्तरं काढून टाकली.

भावजयीचा हेवा करणं त्या मानानं सोपं होतं, ती समोर तरी बसलेली असायची. आता "झाडाला तुमची माया जरा जास्तच झालीये" असं जिनं लिहिलं, त्या बाईचा हेवा वाटतो. तिला भोपळा देणारी एकटी मीच होते.