चावीवाल्याची दहा मिनिटं

"इयत्ता कंची लिवाची?" मारुतीशेठनी विचारलं आणि फॉर्म हातभर लांब धरला.

या प्रश्नाचं उत्तर वर्गात कोणाकडेच नव्हतं. मृणाल मॅडमनी तो फॉर्म आपल्या सुनेच्या शाळेतून आणला होता आणि वेळ वाचवायला तसाच झेरॉक्स केला होता. वर ‘सहल संमतीपत्र’. खाली पाल्याचे नाव, इयत्ता, तुकडी, पालकाची सही. तळाला बारीक अक्षरांत, पाल्याने मौल्यवान वस्तू सोबत आणू नयेत आणि शिक्षकांची आज्ञा पाळावी. वर्गातल्या सर्वांत लहान पाल्याचं वय सदुसष्ट होतं.

"इयत्ता सोडून द्या," मॅडम म्हणाल्या. "सही मात्र हवीच. मुलगा, मुलगी, सून, जावई, कोणाचीही चालेल. मागच्या सहलीला दोघं जण घरी न सांगता आले आणि घरच्यांनी पोलीस चौकी गाठली."

"माजे सुनेनी इंग्रजीत केलीय सही," मारुतीशेठ म्हणाले. "ती चालंल का?" त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीवर आता दोन टॉवर उभे होते. पण नदीवर जायचं तर सुनेला विचारावं लागत होतं.

वर्तकनगरच्या त्या सभागृहात सोमवारी आणि गुरुवारी दुपारी ज्येष्ठांचे वर्ग भरत. कोणी मोबाइल शिकत होतं, कोणी हार्मोनियम. सीतारामभाऊ कासारे ‘नळामागचा भूगोल’ शिकायला येत. मृणाल मॅडम भूगोलाच्या निवृत्त प्राध्यापिका. पाऊस डोंगरावर पडतो तिथपासून तो आपल्या बादलीत पडतो तिथपर्यंतचा प्रवास त्या नकाशावर काठीने दाखवत.

त्या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यावर सीतारामभाऊंनी चौतीस वर्षं काढली होती. कल्याणात रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, चार फुटी चावी खाली सोडायची, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि गल्लीला पाणी द्यायचं. लोक त्यांना चावीवाला म्हणत. पाणी आलं नाही तर आणखीही काही म्हणत. वर्गात मात्र त्यांनी सहा आठवडे यातलं काही सांगितलं नाही. सातव्या आठवड्यात मॅडमनी फळ्यावर व्हॉल्व्ह काढला आणि उघडण्याचा बाण उलटा दाखवला, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"मॅडम, असं फिरवलंत तर पूर्ण वॉर्ड कोरडा राहील."

मॅडमनी बाण पुसला आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. पुढच्या गुरुवारी त्यांनी जाहीर केलं, की कोर्सची शेवटची सहल शहाडजवळच्या नदीकाठच्या पाणी केंद्रावर जाईल आणि तिथे दहा मिनिटं कासारे शिकवतील.

सीतारामभाऊ सातवी पास होते. वर्गात दोन निवृत्त मुख्याध्यापक होते आणि एक बँक मॅनेजर. अशा माणसांनी आजवर त्यांचं बोलणं ऐकलं होतं ते ‘पाणी का आलं नाही’ याचा खुलासा म्हणून, आणि तोही अर्ध्यात तोडून. सलग दहा मिनिटं त्यांना कोणी दिली नव्हती.

त्यांनी बोलायचं सगळं एका वहीत लिहिलं. बाल्कनीतल्या कुंड्यांसमोर, घड्याळ लावून तालीम केली. कुंड्यांनी शंका विचारल्या नाहीत, तरी बारा मिनिटं झाली. एक पान काढावं लागलं. काढलं ते बायकोचं, रमाबाईंचं.

त्या पानात काही विशेष नव्हतं. सीतारामभाऊ सगळ्या गल्ल्यांना पाणी देऊन झालं की स्वतःच्या चाळीची चावी सर्वांत शेवटी फिरवत, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. "सगळ्यांना तहान लागते, आम्हालाच काय ती लागत नाही," रमाबाई म्हणायच्या. पण पहाटे साडेपाचला चाळीच्या टोकाच्या नळावर, दिव्याच्या खांबाखाली, त्याच उभ्या असायच्या. शेजारी त्यांचा छोटा मुलगा प्रफुल्ल, हातात डबा घेऊन पेंगत. लोक झोपलेले म्हणून हाक मारायची नाही. नळाला पाणी आलं की रमाबाई हात वर करायच्या. फार नाही, खांद्यापर्यंत, तळवा उघडा. रस्त्यावर चावी धरून उभ्या असलेल्या सीतारामभाऊंना तेवढं पुरायचं. रमाबाईंना जाऊन आता सहा वर्षं झाली होती, आणि भूगोलाशी याचा तसा संबंध नव्हता. ते पान त्यांनी घडी करून खिशात ठेवलं.

अडचण सहीची होती.

"बाबा, नाही म्हणजे नाही." प्रफुल्लने फॉर्म टेबलावर ठेवला आणि वर पाण्याचा ग्लास. "दिवाळीत बाथरूममध्ये पडलेलात, विसरलात?"

"पडलो ना. तरी रोज जातोच की तिथे."

स्वयंपाकघरात सून रचना उगाचच खोकली.

"आणि तिकडे जाऊन बोलणार काय? आपल्या सोसायटीचे चार जण आहेत त्या क्लासमध्ये."

म्हणजे हे होतं. प्रफुल्ल सोसायटीचा सेक्रेटरी. वडिलांची ओळख त्याने ‘वॉटर मॅनेजमेंटला होते’ अशी करून दिली होती. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त चावी गाळली होती.

"चावीवाला होतो, तेच बोलणार."

"आठवीत मला रायगडच्या सहलीला सोडलं नव्हतं तुम्ही. अख्खा वर्ग गेला, मी एकटा बाकावर बसलेलो. तेव्हा मी काही बोललो?"

"तीन दिवस अजिबात बोलला नाहीस." सीतारामभाऊंनी फॉर्मवरचा ग्लास उचलून बाजूला ठेवला. "चुकलं माझं. सोडायला पाहिजे होतं तुला."

फोन आल्यासारखा प्रफुल्ल बाल्कनीत गेला. फोन आला नव्हता. सहीही झाली नाही.

गुरुवारी मृणाल मॅडमनी फॉर्म गोळा केले. सीतारामभाऊंचा हातात आल्यावर त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"पाल्य, सीताराम कासारे. पालक, सीताराम कासारे. नातं, स्वतः." त्यांनी वर पाहिलं. "कासारे, हे काय आहे?"

"मॅडम, पालक म्हणजे कोण? जो पाल्याला सकाळी उठवतो, आंघोळीला पाठवतो, औषध घेतलं का विचारतो. ते सगळं माझं मीच करतो. मग सही दुसऱ्याची कशाला?"

"मुलाने नाही म्हटलं का?"

"म्हटलं. त्याचंही बरोबर आहे. पण मी जाणार. बसमध्ये घेतलं नाहीत तर एस.टी.ने येईन आणि गेटवर तुमची वाट बघेन."

मॅडमनी थोडा विचार केला आणि फॉर्मवर ‘मान्य’ लिहिलं. मात्र त्या पस्तीस वर्षं शिकवलेल्या बाई होत्या. सहलीच्या सकाळी बस हायवेला लागल्यावर त्यांनी प्रफुल्लला फोन करून, वडील सुखरूप आहेत आणि पुढच्या सीटवर बसले आहेत, असं कळवलं.

पाणी केंद्रात महेंद्र नावाच्या तरुण इंजिनीअरने सगळ्यांचं स्वागत केलं आणि एक मोठा स्क्रीन दाखवला. व्हॉल्व्ह आता तिथूनच उघडत, माऊसने. मुख्याध्यापकांनी माना डोलावल्या. सीतारामभाऊंनीही डोलावली. मग त्यांनी महेंद्रला बाजूला घेऊन विचारलं, हाताने फिरवायचा असा एखादा तरी उरलाय का?

"बागेच्या लाइनचा आहे, काका. चावी स्टोअरमध्ये पडलीय. पण जाम असेल हां."

"बघतो की."

वर्ग बागेच्या व्हॉल्व्हच्या झाकणाभोवती गोल उभा राहिला. सीतारामभाऊंनी वही उघडली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वही बंद केली.

"पाणी सोडायला ताकद लागत नाही, दम लागतो," ते म्हणाले. "पाइपात आधी हवा असते. पाणी तिला पुढे ढकलत येतं. घाईने फिरवलंत तर पाइप फुटतो. म्हणून आधी अर्धा फेरा. मग थांबायचं आणि ऐकायचं. चावीला कान लावून. मारुतीशेठ, या इकडे."

"मना काय बोलवतूस? मी बहिरा!"

"म्हणूनच. मशीन काढा. कानामागचं हाड टेकवा दांड्याला, हाडातून आवाज येतो."

मारुतीशेठनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि ते वाकले. सीतारामभाऊंनी चावी अर्धा फेरा फिरवली. जाम होती, दुसऱ्या जोरात हलली. मारुतीशेठ बराच वेळ तसेच राहिले. मग अख्ख्या केंद्राला ऐकू जाईल असे ओरडले, "येतंय रं! पानी येतंय!"

मग सगळ्यांनाच ऐकायचं होतं. मुख्याध्यापक रांगेत उभे राहिले. सीतारामभाऊंनी चावी पुन्हा बंद करून घेतली, कारण धडा सुरुवातीपासून दाखवायचा होता. तेवढ्यात फाटकातून प्रफुल्ल आत आला. ऑफिसच्या कपड्यांत, एका हातात गाडीची किल्ली आणि दुसऱ्या हातात बीपीच्या गोळ्यांची डबी.

"बाबा, चला. गाडी बाहेर आहे."

सीतारामभाऊंनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं झालीत, पाच राहिलीत. मध्ये सोडता येत नाही." त्यांनी बागेच्या टोकाकडे बोट दाखवलं. "तो नळ दिसतो? तिथे जाऊन उभा राहा. पाणी आलं की सांग."

"मी?"

"तूच. बाकी सगळे शिकतायत."

सोसायटीचे चार जण प्रफुल्लकडे बघत होते. त्याने डबी खिशात घातली आणि तो गेला. नळ चांगला शंभर पावलांवर होता, आणि पंपांच्या आवाजात हाक ऐकू येण्यासारखी नव्हती. प्रफुल्लने नळ पूर्ण उघडा केला. वाकून पाहिलं. कोरडा.

सीतारामभाऊंनी अर्धा फेरा दिला. चावीला कान लावला. आणखी अर्धा. थांबले. "आता हवा गेली," ते डोळे मिटून म्हणाले. "वळणावर आलं. आता सरळ आहे. आता..."

त्यांनी डोळे उघडले. दूर नळ एकदा खोकला आणि वाहायला लागला. प्रफुल्लचे बूट भिजले. त्याने हाक मारली नाही. नळाकडे बघत बघतच त्याने हात वर केला. फार नाही, खांद्यापर्यंत, तळवा उघडा.

सीतारामभाऊ चावीचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मृणाल मॅडमना वाटलं, दमले असतील. त्या पुढे झाल्या.

"झालं का कासारे?"

"नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "दोन मिनिटं आहेत अजून. एक पान राहिलंय."