अर्ध्या नावाची मुंगी

मित्रांनो, मी शाळेच्या संगणक खोलीतला एक जुना हेडफोन आहे. एका बाजूला चिकटपट्टी लावलेली असली तरी माझा आवाज अजून खणखणीत आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, आपण गाणी ऐकवणार. नशिबी आले धडे! तरी मी खूश होतो. धडे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर शाळेने एकदाच विकत घेतले आणि सहा वर्षे ते निमूट चालले.

मग कंपनीने वार्षिक वर्गणी सुरू केली. दरवर्षी भरा आणि दरवर्षी जास्त भरा! नवीन काय मिळाले? पडद्यावर उड्या मारणारा ससा. यंदा तर दर मुलामागे वर्गणी दुप्पट झाली. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला आणि निम्म्याच मुलांची नावे नोंदवली.

"दोघांत एक नाव वापरा. कुणाला कळतंय!"

सॉफ्टवेअरला कळले नाही, तिथेच सगळा घोळ झाला. उत्तरे बरोबर आली की ते पुढचा, अवघड धडा काढते. तिसरीतली मुंगी नावाची मुलगी हळूहळू वाचणारी. तिच्या वाट्याला वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाचे नाव आले. तो सकाळी धडाधड धडे संपवायचा. दुपारी मुंगी मला कानाला लावायची, तर समोर ही भली मोठी जोडाक्षरे! पंधरा दिवस तिने कुणाला काही सांगितले नाही. एके दिवशी रडू फुटले.

"बाई, मला येत होतं तेपण गेलं."

मी तिच्या कानांवरच होतो. असा संताप आला म्हणून सांगू!

बाईंनी कंपनीला फोन लावला. "अहो, हिचे जुने धडे तरी उघडून द्या."

"नक्की, मॅडम. एक नाव वाढवून घ्या."

"डोंबल तुमचं!" म्हणून बाईंनी फोन ठेवला.

मग त्यांनी पुस्तकातले सोपे धडे स्वतःच वाचून संगणकात भरले. मध्ये खोकला येतो, "थांब हं, पान उलटते" असेही ऐकू येते. मुंगीने एक धडा चार वेळा ऐकला, ओळीवर बोट ठेवून. पाचव्यांदा तिने मला काढून टेबलावर ठेवले आणि तो स्वतः मोठ्याने वाचला. बिनकामाचा पडून असताना मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

मित्रांनो, माझी वायर ओढू नका, ही विनंती आहेच. पण घरच्या मोठ्यांना एवढे विचारा, की मुलांचे शिकणे असे भाड्यावर कसे सोडले? अर्ध्या नावावर शिकणारी अजून एकवीस मुले इथे रांगेत बसली आहेत, आणि बाईंचा घसा एकच आहे.