खिळा ठोकणाऱ्या सरांना मी कसं हरवलं

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू स्वभावाने फार क्षमाशील असतात. फाटकी छत्री म्हणते, माझी तक्रार नाही. मोडकी सायकल म्हणते, मालक सुखी राहो. मी एक जुना कॅरम बोर्ड आहे, आणि माझी तक्रार आहे. अठरा वर्षं ती मी पोटात ठेवली आणि आत्ता झालेल्या दिवाळीच्या सुट्टीत वसूल केली. ती कशी, तेवढंच सांगतो.

माझ्या कडेचं लाकूड किनवटच्या जंगलातल्या सागाचं. आधी ते निलंगा तालुक्यातल्या एका घराच्या दाराची चौकट होतं. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जमीन हलली. दगडामातीच्या भिंती बसल्या, वरचं माळवद खाली आलं, पण चौकट तेवढी उभी राहिली. तिच्याखाली त्या घरातली चौदा वर्षांची मुलगी, सरोजिनी, गुडघ्यात डोकं घालून बसली होती. तिला ओरखडासुद्धा आला नाही.

पुढे माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली. गावचा सुतार संगप्पा पडक्या घरांतलं लाकूड गोळा करायचा. त्याने ती चौकट उचलली आणि सरोजिनीला विचारलं, "पोरी, नव्या घराला ह्याचंच दार करू का?"

"दार नगं काका," ती म्हणाली. "दाराच्या आत बसावं लागतंय. उघड्यावर बसून खेळता येईल असं कायतरी करा."

तेव्हा गावात कुणालाच छताखाली बसवत नव्हतं. संगप्पाने वाद घातला नाही. मदतीच्या सामानाची एक मोठी प्लायची पेटी आली होती. तिचा तळ घासून त्याने गुळगुळीत केला, चौकटीच्या चार पट्ट्या कडेला बसवल्या, कोपऱ्यांत भोकं पाडली आणि खाली सुतळीच्या जाळ्या बांधल्या. असा मी जन्मलो. अंगाला चोपडायला बोरिक पावडर कुठली? मदतीत आलेल्या टाल्कम पावडरच्या डब्यांचा वास माझ्या अंगाला अजून येतो.

मित्रांनो, ते दिवस दुःखाचे होते, पण माझ्याभोवती गर्दी असायची. सरोजिनीचं बोट असं होतं की राणी स्वतःहून उठून भोकात जाईल. शेडमधली मोठमोठी माणसं तिच्याकडून हरली. हरलेला माणूस थोडा वेळ तरी घराचा विचार विसरतो, असं तिचे वडील म्हणायचे. ते शाळेत गुरुजी होते, त्यामुळे साधं बोलणंही ते सुविचारासारखं बोलायचे.

लग्न होऊन ती लातूरला आली तेव्हा हट्टाने मला सोबत घेऊन आली. नवरा मार्तंड, भौतिकशास्त्राचा मास्तर. माणूस सरळ, वेळेचा पक्का. लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत क्लास उघडत होते. ह्यांनीही पुढच्या खोलीत बारा पोरांची बॅच सुरू केली. फळा आणायला सवड नव्हती. त्यांची नजर माझ्यावर गेली.

त्यांनी मला पालथा घातला, माझ्या पाठीला काळा रंग फासला, आणि भिंतीला टांगायला माझ्या कडेत खिळा ठोकला. सरळ ठोकला असता तर मी गप्प बसलो असतो. पण सरांना भौतिकशास्त्र येत होतं, हातोडी येत नव्हती. खिळा तिरका गेला, कडेतून आरपार होऊन प्लायच्या खाली शिरला आणि तिथेच मोडला. एका भोकाच्या अगदी जवळ माझा प्लाय केसभर वर उचलला गेला. "एवढ्याने काय होतंय," ते म्हणाले आणि शेजारी दुसरा ठोकला.

त्या दिवसापासून माझं तोंड भिंतीकडे. पाठीवर आधी सूत्रं आली, वेग आणि त्वरण, बल आणि घर्षण. मग बारा पोरांची अडीचशे झाली, शेजारचा प्लॉट घेऊन क्लासची इमारत उभी राहिली, तिथे मोठे पांढरे फळे आले. मी घराच्या पुढच्या खोलीतच नोटीस लावायच्या कामाला राहिलो. सरांनी ऑईलपेंटने माझ्या पाठीवर कायमचं लिहून टाकलं, 'क्लासला सुट्टी नाही. दिवाळीतही नाही.' उदगीरहून, देगलूरहून आलेली पोरं ते वाचून सुस्कारे टाकायची. मला मात्र अठरा वर्षं भिंतीचा चुना दिसत होता. मी तेवढा वेळ एकच विचार करत होतो, आणि तो चांगला नव्हता.

सरोजिनीने कधी कधी म्हणून पाहिलं, "अहो, बोर्ड काढून द्या की मला." सर म्हणायचे, "पाहू निकालानंतर." लातुरात कुठला ना कुठला निकाल कायमच लागायचा असतो.

मग यंदाच्या पावसाळ्यात तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं आणि दर तीन आठवड्यांनी औषधाचा डोस सुरू झाला, एकूण सहा. डोस घेतला की पहिले सात-आठ दिवस तोंडात फोड, जिभेवर लोखंडाची चव, आणि अंथरूण. मग दहा-बारा दिवस बरे. केस गेले. बोटांच्या टोकांची जाणीव गेली. कपाचा कान धरलाय की नाही हे तिला बघून ठरवावं लागे.

चौथ्या डोसानंतरचे बरे दिवस नेमके दिवाळीत आले. तिने कॅलेंडरवर बोट ठेवून जाहीर केलं, "मला सुट्टी पाहिजे. घरी, अंगणात, तुमच्या दोघांसंगट."

दोघं म्हणजे सर आणि मुग्धा, त्यांची बारावीतली मुलगी. मुग्धा वडिलांच्याच बॅचला होती आणि सवयीने घरीसुद्धा त्यांना सर म्हणायची.

"दिवाळी बॅच आहे सरोज," सर म्हणाले. "पोरं गावाकडं गेली की सगळं विसरून येतात. तू आराम कर."

"आराम म्हणजे आजारपण. मी सुट्टी म्हणायलेय."

सर घड्याळाकडे बघत निघून गेले. खरं सांगतो, त्यांना घरात बसवतच नव्हतं. बायको झोपलेली असली की ते दारातून तिचा श्वास बघायचे आणि लगेच चप्पल घालायचे. दाराशी थांबलेली पावलं आणि मग चपलांचा आवाज मला ऐकू यायचा. पण मला त्यांची दया येत नव्हती. माझ्या अंगात त्यांचा खिळा होता.

वसुबारसेच्या सकाळी सरोजिनीने मुग्धाला सांगून मला भिंतीवरून उतरवलं. मुग्धाने जाळी-जळमटं झाडली, ओल्या फडक्याने मला पुसलं आणि अंगणातल्या स्टुलावर उताणा ठेवला. अठरा वर्षांनी ऊन. तुम्हाला काय सांगू. शेजारी उकडलेल्या शेंगांची परात, कोपऱ्यात आकाशकंदील, आणि डोक्याला केशरी रुमाल बांधलेली ती. "यंदा अभ्यंगाचं तेल वाचलं," ती डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. मुग्धाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने शेंग सोलून आईच्या तोंडात घातली.

शेजारच्या उमाबाई फराळाचा डबा घेऊन आल्या. माहेर नांदेडचं, मन लोण्याचं, जीभ सैल. "काय गं, उन्हात काय करायलीस तू," म्हणत खेळायला बसल्या. आणि मित्रांनो, त्यांनी ते केलं जे मला खिळ्याहूनही जास्त लागलं. सोंगटी भोकाच्या तोंडाशी असताना त्यांनी स्ट्रायकर मुद्दाम दुसरीकडे मारला. एकदा, दोनदा, तीनदा.

सरोजिनीने हात आखडला. "उमाबाई, मी मेले न्हाई अजून. नीट मारा."

"अगं, तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून..."

"मला हरवा. त्यानं बरं वाटंल."

उमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या चकल्या ठेवून गेल्या. दुपारपर्यंत आणखी दोघीजणी येऊन तशाच हरून गेल्या. सरोजिनी संतापाने लाल झाली. पण त्याच खेळात तिला एक गोष्ट दिसली. एका भोकाकडे हळू सोडलेली सोंगटी ऐन तोंडाशी वळत होती. तिने बोट फिरवून पाहिलं. बोटाला काहीच कळलं नाही. मग ती वाकली आणि तिने आपला गाल माझ्यावर टेकवला. खिळ्याचा उंचवटा तिच्या गालाला लागला.

ती उठली तेव्हा हसत होती. ते हसू मी शेडमध्ये पाहिलं होतं, मोठ्या माणसांना हरवण्याआधीचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर जेवायला आले. अंगणात पाय ठेवताच म्हणाले, "बोर्ड इथं कशाला? त्याच्यावर नोटीस आहे."

"नोटीस पालथी हाय," सरोजिनी म्हणाली. "बसा. एक डाव खेळा. तुम्ही जिंकलात तर बोर्ड परत भिंतीला टांगा, मी एक शब्द बोलणार न्हाई. मी जिंकले तर बॅच बंद. शाळा उघडेपर्यंत तुम्ही घरी, मुग्धा घरी."

"काहीतरीच. मला दोनची बॅच आहे."

"हरायची भीती वाटायलीय म्हणा की."

मित्रांनो, सरांनी आयुष्यात कुणालाही अर्धा मार्क वाढवून दिला नव्हता. स्वतःच्या पुतण्यालाही नाही. ह्या एकाच माणसाकडून सरोजिनीला दयेचा धोका नव्हता. सरांनी चप्पल काढली. बसायला निघाले तशी ती म्हणाली, "तिकडं ऊन हाय, तुम्ही इकडं बसा." अशा जागी बसवलं की तो खिळ्याच्या भोकाचा कोपरा त्यांच्या समोर उजव्या हाताला आला, उजव्या हाताने मारणाऱ्याच्या सगळ्यात लाडक्या जागी. तिच्यासाठी तो जवळ, डाव्या अंगाला पडला. तिला त्याची गरजच नव्हती.

परत भिंत, की सूड.

सर कोन मोजून खेळत. ते खरंच चांगले खेळले. राणी त्यांनीच घेतली आणि पांढऱ्या सोंगटीने ती पक्कीही केली. सरोजिनीचं बोट बधिर, म्हणून ती बोटाकडे बघत मारायची; चार वेळा स्ट्रायकर भलतीकडे गेला. सरांनी एकदाही "जाऊ दे, परत मार" म्हटलं नाही. मुग्धाने नखं कुरतडली. शेवटी सरांची एक पांढरी उरली, तिच्या दोन काळ्या.

सरांची पांढरी बोर्डाच्या मधून थेट समोरच्या उजव्या भोकाच्या रेषेत होती. "लक्षात ठेव मुग्धा," ते म्हणाले, "हवं तेवढंच बल लावायचं. जास्त लावतो तो अडाणी." आणि त्यांनी अगदी मोजून, हळू मारलं.

सोंगटी सरळ आली. माझ्या अंगावरून घसरत भोकाच्या तोंडाशी पोचली, त्यांच्या खिळ्यावर चढली, आणि मान वळवावी तशी बाजूला झाली.

सरोजिनीने एक काळी घातली, दुसरी चुकली. पुन्हा सरांची पाळी. पांढरी भोकापासून चार बोटांवर. त्यांनी पुन्हा तसंच हळू मारलं. ती पुन्हा वळली. मित्रांनो, अठरा वर्षांच्या चुन्याची किंमत मला तेवढ्यात मिळाली.

सरोजिनीने आपलं तर्जनीचं पेर डोळ्यांसमोर धरून नीट पाहिलं, मग स्ट्रायकरमागे लावलं. शेवटची काळी तिरकी गेली, कडेला लागली आणि दूरच्या जाळीत पडली.

मुग्धा फक्त म्हणाली, "सर, मग दोनची बॅच?"

"सुट्टीत सर कोण गं?" सरोजिनी म्हणाली.

सर आत जाऊन पट्टी घेऊन आले. ती माझ्यावर उभी धरली, डोळा खाली आणला. पट्टीखालून उजेड दिसला. "इथं उंचवटा आहे," ते म्हणाले. "हा डाव धरता येणार नाही."

"खिळा कुणी ठोकला?"

सरांनी माझी कड चाचपली. गंजलेलं टोक त्यांच्या बोटाला लागलं. ते हळूच म्हणाले, "तुला माहीत होतं."

"गालाला कळलं. बोटाला कळलं नसतं."

त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं. मग खिशातून फोन काढला, क्लासच्या माणसाला सांगितलं की पोरांना गावाकडं जाऊ द्या, आणि फोन ठेवल्यावर घसा खाकरून म्हणाले, "जागा बदलून परत खेळू."

"खेळू की. उद्या. सुट्टी हाय."

ती सुट्टी तशीच गेली, मित्रांनो. सकाळी ऊन अंगणात आलं की डाव. करंजीचं कडक कवच तोंडाला लागायचं म्हणून सरोजिनी फक्त आतलं सारण खायची आणि कवच सरांच्या ताटात टाकायची. मुग्धा त्यांना बाबा म्हणताना दोनदा अडखळली, मग अडखळली नाही. सर म्हणाले, खिळा काढून घेतो, पटाशीने पाच मिनिटांचं काम. सरोजिनी म्हणाली, "न्हाई. तुम्हीच ठोकलाय, आता तुम्हीच खेळा त्याच्यावर." आणि रोज ती त्यांना त्याच जागी बसवते. जागा बदलायचा दिवस अजून उजाडलेला नाही.

आता शेवटी मी काही मागावं, अशी तुमची अपेक्षा असेल. मला पुसा, पावडर लावा, पावसात ठेवू नका, हे तर आहेच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणाला भिंतीकडे तोंड करून टांगू नका. आणि टांगलंच, तर ते विसरून जाईल या भरवशावर राहू नका.

एक गुपित आहे, ते सरांना सांगू नका. अठरा वर्षांत तो खिळा गंजून बारीक झालाय. कुणी मला जरा जोरात आपटलं तर तो गळून पडेल आणि मी पुन्हा सपाट होईन. म्हणून मी त्याला लाकडाने घट्ट आवळून धरलंय. तिचे अजून दोन डोस बाकी आहेत.